मागच्या दाढा

पारोळ्यात, एस.टी. स्टँडच्या मागं,
चक्कीच्या वरची खोली माझी.
खाली दादर दळतात,
वर मी दात बनवतो.
दोन्हीकडचं पीठ पांढरं,
जिन्यात एक होतं.

फळीवर प्लास्टरची तोंडं. परवा मोजली, एकशे बारा.
प्रत्येकावर पेन्सिलीनं नाव, गाव, तारीख.
माणसं बहुतेक पाहिलेली नाहीत.
डॉ. हेमांगी बोरसेंच्या दवाखान्यातून
स्टीलच्या डब्यात नुसते जबडे येतात.
तरी ओळखतो.
हा शिंपी. वरच्या दाताला बारीक खाच,
चाळीस वर्षं दोरा तोडल्याची.
ही मंगरूळची बाई. मिसरीनं हिरड्या खाल्ल्या,
दात उन्हाळ्यातल्या बोरीच्या दगडांसारखे उघडे.
हा कोणी पैजेवर बाटल्या उघडणारा,
गेला बिचारा एका बाजूनं.

झिपरू मास्तर मात्र स्वतः आले,
जिना चढून, क्लॅरिनेटची पेटी काखेत.
"खावाले नही पाहिजेत दात," म्हणाले,
"भाकर मी दुधमा चुरी खासू.
वाजाडाले पाहिजेत."
मग मला समजावलं:
पट्टी खालच्या ओठावर, वरून दातांचा टेकू.
टेकू नसला की सूर ओठातच घसरतो,
वरात निघते आणि तो मागं राहतो.
"आनि मधली फट राहू दे.
बायको म्हणस, फट नही त तू कोन?"

रंग त्यांना बँडच्या कोटाच्या बटणांसारखा हवा होता.
डॉक्टरांनी लिहिलं होतं ए-साडेतीन.
मी खाली जाऊन दादरचा एक दाणा आणला,
त्यांच्या तळहातावर ठेवला.
बराच वेळ बघत राहिले.
"चालेल."

रात्री फ्लास्क उकळत ठेवला.
मेण वितळून गेलं,
त्याच्या जागी गुलाबी हिरडी भरली.
लाइट दोनदा गेली, स्टोव्ह पेटवला.
फट हातानंच करावी लागते.
जरा घासायचं, उजेडात धरायचं,
परत घासायचं,
कारण जास्त झाली तर
घरी ती कोण म्हणून विचारणारच.

पहिल्या वेळी सुराऐवजी थुंकीच आली.
दुसऱ्या आठवड्यात, टोचतंय. घासून दिलं.
तिसऱ्यांदा त्यांनी खिडकीत उभं राहून वाजवलं,
आणि चक्कीवाल्यानं चक्की बंद केली.

घरी हर्षाली, सात वर्षांची.
ब्रश नळाखाली ओला करते,
पुरावा म्हणून कॉलरवर पेस्टचा ठिपका लावते,
आणि म्हणते, झालं.
मी तोंडाचा वास घेतो,
तर वासापुरती पेस्ट जिभेवर ठेवलेली असते.
माझीच आहे.
मी राखुंडी गालाला फासून शाळेत जायचो.
त्याचे मागं, डावीकडं, दोन खड्डे.
जीभ अजून तिथं जाऊन येते,
बंद पडलेल्या टॉकीजवरून माणूस उगाच चक्कर मारतो तशी.
एवढे जबडे भरले,
पण त्या खुर्चीत एकदाही बसलो नाही.
भीती वाटते. आता लिहिलंच आहे तर असू दे.

काल रविवार. ती खोलीवर आली.
फार वेळ आवाज नाही म्हणून वळून पाहिलं:
शिंप्याचा जबडा मांडीवर,
आणि स्वतःच्या ब्रशनं घासत होती,
गोल गोल, शाळेत आलेल्या ताईंनी दाखवलं तसं,
एका दाताला दहा वेळा, मोजून.
खाचेपाशी थांबली.
बोटानं चाचपली.
"याला दुखत होतं का?"
नाही म्हटलं. कामाची खूण आहे ती.
पुढं गेली.
ब्रशचे केस प्लास्टरनं पांढरेफटक,
पंचवीस रुपयांचा नवा ब्रश.

रागवायचंच होतं.
जीभ मागं गेली, डावीकडं.
म्हटलं,
मागच्या दाढा राहिल्या बघ.